कंट्री गाणाऱ्या बाया आणि त्यांच्या नावाला चिकटलेली गाणी

सुरंगी

आपल्याकडे कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाचं संगीत, म्हटलं की जॉन डेन्व्हर, आणि गोवा-वसईकडच्या एखाद्या जुन्या घरात गेलात तर जिम रीव्ह्ज. फार तर जॉनी कॅश. बायकांपैकी डॉली पार्टनचं नाव कानावरून गेलेलं असतं, पण गाण्यांपेक्षा तिच्या विगांमुळे. म्हटलं, एक धागा काढावा.

यातल्या प्रत्येक मोठ्या गायिकेच्या नावाला एखादं गाणं कायमचं चिकटलंय. मला त्या गाण्यांइतकंच त्यांच्यामागच्या व्यवहाराचं कुतूहल आहे. लिहिलं कोणी, हक्क कोणाकडे गेले आणि गाणारीच्या पदरात काय पडलं? नॅशव्हिलमध्ये, म्हणजे टेनेसीतल्या कंट्रीच्या राजधानीत, खरा पैसा प्रकाशनहक्कांत असतो: गाणं वाजलं-विकलं की रॉयल्टीतला वाटा प्रकाशकाला जातो. तिथे बायकांनी शिरकाव कसा केला, हे बघायला मला ही गाणी फार उपयोगी वाटतात.

किटी वेल्सपासून सुरू करते. १९५२ साली हँक थॉम्प्सनचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातला नायक आपल्याला सोडून गुत्त्यावर रमणाऱ्या बाईला दूषणं देतो आणि असल्या बायका देवानेच घडवल्यात म्हणून मोकळा होतो. लुइझियानाच्या जे. डी. मिलरने त्याला उत्तर लिहिलं, 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स'. मुद्दा सरळ आहे: देवाला कशाला मध्ये ओढता, लग्न झालेले बाप्ये सडेफटिंग असल्यासारखे हिंडतात त्याचं बोला. किटी तेव्हा ३२ वर्षांची, तीन मुलांची आई, गाणं सोडून घरी बसायच्या विचारात. रेकॉर्डिंगला आली ती युनियनच्या दराने मिळणाऱ्या १२५ डॉलरसाठी. गाणं सहा आठवडे पहिलं राहिलं. बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत एकट्या बाईचं गाणं पहिलं येण्याची ती पहिलीच वेळ. एनबीसी रेडिओने ते वाजवायला नकार दिला, आणि ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या मानाच्या रेडिओ-मैफलीने सुरुवातीला तिला ते मंचावर गाऊ दिलं नाही. बाईला शिव्या घालणारं गाणं चालत होतं, तिने उलट उत्तर दिलेलं चालेना.

मग पॅट्सी क्लाइन. ही व्हर्जिनियातल्या विंचेस्टरची. पहिली काही वर्षं तिचा करार अशा कंपनीशी होता की त्या कंपनीच्याच प्रकाशनातली गाणी तिने गायची. इतका मोठा आवाज, आणि गाणी निवडायची मुभा नाही! १९५७ चं 'वॉकिन् आफ्टर मिडनाइट' त्याच काळातलं, तेही तिला सुरुवातीला आवडलं नव्हतं. करार १९६० मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी 'आय फॉल टू पीसेस' आलं. जून १९६१ मध्ये मोटारीचा भीषण अपघात. ऑगस्टमध्ये कुबड्या घेऊन ती स्टुडिओत हजर, समोर गायक-गीतकार विली नेल्सनचं 'क्रेझी'. बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर ओढवेनात. त्या काळी तीन तासांच्या बैठकीत तीन-चार गाणी उरकायची पद्धत होती, इथे चार तासांत एकही पुरं झालं नाही. निर्माता ओवेन ब्रॅडलीने वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करून ठेवला आणि काही आठवड्यांनी ती परत येऊन एका दमात गाऊन गेली. आज आपण ऐकतो ते हेच. विलीची मूळ चाल बोलल्यासारखी, तालाच्या मागे रेंगाळणारी. पॅट्सीने ती लकब आधी नाकारली आणि मग आपल्या पद्धतीने सरळ करून घेतली. मार्च १९६३ मध्ये विमान अपघातात गेली, वय ३०.

तिसरी लोरेटा लिन, माझी सगळ्यात लाडकी. केंटकीतल्या बुचर हॉलरच्या कोळसा खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, मग पोरंबाळं. नवऱ्याने सिअर्स या दुकानातून १७ डॉलरची गिटार आणून दिली, तीवर ती स्वतःच लिहायला शिकली. तिच्या गाण्यांची शीर्षकं वाचली तरी घरात काय चाललंय ते कळतं: 'डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन्', 'यू एन्ट वुमन इनफ', 'फिस्ट सिटी'. १९७० चं 'कोल मायनर्स डॉटर' ही तिची ओळख. त्याची कडवी इतकी होती की ब्रॅडलीने काही कापायला लावली. आणि आता व्यवहार बघा. तिच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क विल्बर्न बंधू या गायक-भावांच्या कंपनीकडे होते. सत्तरच्या दशकात त्यांच्याशी कोर्टबाजी झाली आणि ऐन भरात असताना हिने लिहिणं जवळजवळ थांबवलं. आपण लिहायचं आणि त्यांची तिजोरी भरायची, ते कशाला?

डॉली मुद्दाम मागे ठेवलीय. तुम्ही कोण काय ऐकता ते लिहा.

घाटवाटा

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. 'क्रेझी' ऐकलंय, पण ते विली नेल्सनचं हे माहीत नव्हतं.

गिटारवाला बंड्या

धागा झकास. पण सुरुवात १९५२ पासून केलीत, त्याच्या पंचवीस वर्षं मागे जायला हवं.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात यंत्रं मांडून बसला आणि डोंगराळ भागातले गाणारे-वाजवणारे ध्वनिमुद्रित करू लागला. तिथे कार्टर कुटुंब आलं: ए. पी. कार्टर, त्याची बायको सॅरा आणि त्याच्या भावाची बायको मेबेल. मेबेल जेमतेम १८ वर्षांची आणि दिवस भरत आलेले. मुख्य आवाज सॅराचा, गिटार मेबेलची. मेबेल अंगठ्याने जाड तारांवर सुरावट काढते आणि तर्जनीने पातळ तारांवर ठेका झाडते. गिटार तोवर ताल धरायला मागे असायची, हिने ती पुढे आणली. १९२८ चं 'वाइल्डवुड फ्लॉवर' कानाला हेडफोन लावून ऐका. आजही कंट्री गिटार शिकणारा प्रत्येक जण त्या गाण्यापाशी अडतो, मीही अडलोय. त्याच वर्षी तिने गिब्सन एल-५ ही गिटार घेतली, २७५ डॉलरना. त्या काळात ही रक्कम म्हणजे चैन.

तुमच्या व्यवहाराच्या मुद्द्यावर: त्यांच्या गाण्यांवर लेखक म्हणून नाव ए. पी. कार्टरचं. तो डोंगरोडोंगरी फिरून लोकांकडून जुनी गाणी गोळा करायचा. सोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे, त्याच्या चाली लक्षात राहायच्या. सॅरा आणि मेबेल त्या गाण्यांना आकार द्यायच्या. कागदावर मात्र एकच सही.

आणि आता गंमत. किटी वेल्सच्या त्या गाण्याची चाल कार्टर कुटुंबाच्या 'आय ॲम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज'चीच आहे. हँक थॉम्प्सनच्या गाण्याचीही तीच. म्हणजे भांडणारे दोघेही एकाच चालीवर भांडतायत.

सुरंगी

@बंड्या, वा! त्या चालीचा एक किस्सा माझ्याकडेही आहे. सॅराचं ए. पी.शी पटेना, घटस्फोट झाला. तिचं मन ए. पी.च्या चुलतभावावर, कॉय बेजवर होतं, आणि तो कॅलिफोर्नियात निघून गेलेला. १९३९ मध्ये कार्टर मंडळी मेक्सिकोच्या हद्दीतल्या एक्सईआरए रेडिओवर गायची. अमेरिकी नियमांच्या कचाट्याबाहेर असल्यामुळे त्या केंद्राची ताकद अफाट, अर्ध्या अमेरिकेत ऐकू जायचं. सॅराने 'ब्लू आइज' त्याच्या नावाने गायलं. त्याने ते कॅलिफोर्नियात ऐकलं, गाडी काढली आणि टेक्सास गाठलं. लग्न झालं. आणि हे गाणं गाताना माजी नवरा ए. पी. त्याच कार्यक्रमाचा भाग!

खवचट

थोडक्यात: तीन कॉर्ड, एक दारुडा नवरा, एक कुत्रा आणि एक ट्रक. सगळं ऐकून झालं की नवरा परत येतो.

बरं, या सगळ्या उलट उत्तर देणाऱ्या रणरागिण्यांमध्ये 'स्टँड बाय युअर मॅन'वालीला कुठे बसवणार? कंट्रीतल्या बाईचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं तर तेच आहे, आणि त्यात ती नवरा कसाही वागला तरी त्याच्या पाठीशी राहा म्हणते.

सुरंगी

@खवचट, तुम्ही येणार हे माहीतच होतं.

टॅमी वायनेट. मिसिसिपीत कापूस वेचत वाढलेली, केशरचनाकार म्हणून काम केलेली. नाव झाल्यावरही तिने ब्युटीशियनचा परवाना दरवर्षी न चुकता नूतनीकरण करून ठेवला, उद्या हे सगळं गेलं तर पोटाला हवं म्हणून. हे गाणं १९६८ मध्ये तिने आणि निर्माता बिली शेरिलने स्टुडिओतच वीसेक मिनिटांत लिहिलं. पुढचं आयुष्य ती त्याची बाजू मांडत राहिली. १९९२ मध्ये हिलरी क्लिंटन टीव्हीवर म्हणाल्या की मी काही टॅमी वायनेटसारखी नवऱ्याच्या पाठीशी उभी राहणारी बाई म्हणून इथे बसलेली नाही. टॅमी भडकली, हिलरींना माफी मागावी लागली.

गंमत म्हणजे १९६८ मध्येच टॅमीचंच 'डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई' गाजलं होतं. आई लहान मुलासमोर घटस्फोट हा शब्द एकेक अक्षर सुटं करून उच्चारते, त्याला कळू नये म्हणून. स्वतः तिची पाच लग्नं. गाणं ऐकताना शब्दांवर जाऊ नका, शेवटच्या ओळीला आवाज कुठे नेलाय ते ऐका. नवऱ्याचं कौतुक करणारी बाई असा टाहो फोडत नाही. मला ते नेहमी स्वतःलाच बजावणाऱ्या बाईचं गाणं वाटतं.

खवचट

बिया नसलेलं द्राक्ष शोधताय तुम्ही. लिहिलंय ते लिहिलंय.

तिसरी घंटा

मला या धाग्याचा रोखच थोडा खटकतोय. लिहिणारी थोर आणि नुसती गाणारी बिचारी, असं का? पॅट्सीने 'क्रेझी' लिहिलं नाही. विलीने लिहिलं, आणि त्याचं आधीचं शीर्षक म्हणे 'स्टुपिड' होतं. पण विलीची आवृत्ती कोण लावतं? आवाजाने गाणं आपलं करून घेणं हीसुद्धा निर्मितीच आहे, आणि आपल्याला हे कोणी शिकवायला नको.

आपल्याकडे हेच भांडण साठच्या दशकात झालं की. लताबाईंचं म्हणणं, गाणाऱ्यालाही रॉयल्टी हवी. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे पैसे एकदा घेतले, विषय संपला. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. लताबाई तेव्हा कुठे गीतकार होत्या? गाणं विकलं जातं ते गळ्यामुळे, एवढाच त्यांचा मुद्दा होता, आणि तो पॅट्सीलाही लागू आहे.

सुरंगी

@तिसरी घंटा, बिचारी म्हटलेलं नाही हो. पण तुम्ही दिलेल्या उदाहरणातच माझा मुद्दा आला. लताबाईंना भांडावं लागलं कारण कागदावर गाणाऱ्याला जागा नव्हती. किटीला १२५ डॉलर, मिलरला गीतकार म्हणून वर्षानुवर्षं रॉयल्टी. गळा थोर असूनही हिशोब असा होतो. आता डॉली काढतेच.

टेनेसीच्या सेव्हिअर काउंटीत १९४६ चा जन्म, १२ भावंडांतली चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला बापाने फी म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. आपली प्रकाशनाची कंपनी तिने मामासोबत १९६६ मध्येच काढली होती, म्हणजे विशीत असताना, कोणी ओळखत नव्हतं तेव्हा. पुढच्या गोष्टीची गुरुकिल्ली ही.

पोर्टर वॅगनर हा टीव्हीवरचा बडा गायक. त्याच्या कार्यक्रमात ती १९६७ पासून होती. सात वर्षांनी बाहेर पडायचं ठरवलं, तो ऐकेना. भांडून उपयोग नव्हता म्हणून तिने घरी जाऊन गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसून गायलं: 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. जगाला हे प्रियकराचं गाणं वाटतं, प्रत्यक्षात तो नोकरीचा राजीनामा आहे. १९७४ मध्ये कंट्री यादीत पहिलं आलं. मग एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. रेकॉर्डिंगचा दिवस ठरला, डॉली हवेत. आणि आदल्या रात्री त्याच्या व्यवस्थापकाचा, कर्नल पार्करचा निरोप: अर्धे प्रकाशनहक्क द्या, एल्विस गातो तेव्हा हीच पद्धत आहे. ती रात्रभर रडली आणि नाही म्हणाली. १९७० च्या दशकात, एल्विसला! १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने गायलं, १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर. गीतकार आणि प्रकाशक, दोन्ही वाटे डॉलीचे.

नॅशव्हिलची वहिनी

इथे बरीच वर्षं राहतेय म्हणून लिहितेय, संगीतातलं मला फारसं कळत नाही.

टेनेसीत डॉलीबद्दल वाईट बोलणारा माणूस मी अजून पाहिला नाही. डावे-उजवे, चर्चवाले, विद्यापीठवाले, सगळ्यांची ती. सेव्हिअरव्हिलच्या कोर्टासमोर तिचा पुतळा आहे, अनवाणी, हातात गिटार. ती सांगते की तिचे वडील रात्री बादली आणि ब्रश घेऊन जायचे आणि त्यावरची कबुतरांची घाण धुवून यायचे. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यामुळेच तिने १९९५ मध्ये पुस्तकांची योजना काढली: जन्मापासून पाच वर्षांपर्यंत मुलाच्या नावाने दर महिन्याला एक पुस्तक टपालाने, फुकट. एका काउंटीपासून सुरुवात झाली, आता इतर देशांतही जाते. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या कितीतरी घरांत ही पुस्तकं येतात. माझी लेक पाकिटावर आपलं नाव बघून नाचायची.

'कोट ऑफ मेनी कलर्स' ऐका. आईने चिंध्या जोडून शिवलेला कोट घालून मुलगी ऐटीत शाळेत जाते आणि पोरं हसतात. लहानपणी आजीची वाकळ अंगावर घेतलेली असेल तर अर्थ सांगावा लागणार नाही. हे गाणं तिने पोर्टर वॅगनरच्या बसमध्ये लिहिलं, कागद नव्हता म्हणून त्याच्या सुटांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर.

पाणकावळा

मंडळी, बॉबी जेन्ट्रीचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणजे कमाल आहे.

१९६७ चा उन्हाळा. बीटल्सचं 'ऑल यू नीड इज लव्ह' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर, आणि त्याला खाली ओढलं मिसिसिपीच्या एका अनोळखी मुलीने. 'ओड टू बिली जो'. गिटारवर ती स्वतः, सोबत थोडी तंतुवाद्यं, ड्रम नाहीत, पुन्हा पुन्हा येणारा ध्रुवपद म्हणावा असा तुकडाही नाही. शेतातून आलेलं कुटुंब जेवायला बसलंय. आई बातमी सांगते की ओळखीच्या एका पोराने टॅलाहॅची नदीच्या पुलावरून उडी मारून जीव दिला. बाप म्हणतो त्याला अक्कल नव्हतीच, आणि पुढच्या श्वासात बिस्किटं इकडे दे म्हणतो. हळूहळू आपल्याला कळतं की जी मुलगी हे सांगतेय तिचं त्या पोराशी काहीतरी होतं. दोघांनी मिळून पुलावरून काहीतरी खाली टाकलं होतं. तिच्या ताटातलं तसंच राहिलंय हे आईच्या लक्षात येतं, पण का, ते येत नाही.

काय टाकलं यावर लोकांनी पन्नास वर्षं डोकं खाजवलं. जेन्ट्रीचं म्हणणं होतं की खरी गोष्ट ती नाहीच, त्या टेबलावरची बेफिकिरी ही गोष्ट आहे.

एक गोष्ट मनात ठेवून ऐका. त्याच नदीत, मिसिसिपीतल्या मनी नावाच्या गावाजवळच्या भागात, १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मारून टाकून दिलं होतं. गाण्यात त्याचा उल्लेख नाही. पण त्या मुलखात नदीत काहीतरी टाकलं गेलं आणि घरातले जेवत राहिले, असं म्हटल्यावर अंगावर काटा येतो. तो पूल १९७२ मध्ये कोसळला. जेन्ट्री स्वतः लिहायची, निर्मितीत लक्ष घालायची, लास वेगासमध्ये आपले कार्यक्रम स्वतः उभे करायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सगळं सोडून लोकांच्या नजरेआड गेली, पुन्हा मुलाखत नाही की मंच नाही.

घाटवाटा

आत्ता ऐकलं. दोनदा. जेवण बाजूला ठेवावं लागलं.

चिंचपोकळी फास्ट

'जोलीन' राहिलंच की! १९७३. बँकेतली एक लाल केसांची बाई डॉलीच्या नवऱ्याकडे जरा जास्तच लक्ष द्यायची म्हणून लिहिलेलं, आणि नाव मात्र स्वाक्षरी मागायला आलेल्या एका लहान मुलीचं. चाल अशी धावते की आपण ठेका धरतो आणि बाई भीक मागतेय हे विसरून जातो.

पण मला एक सांगा. नवऱ्यावर डोळा ठेवणारी बाई हाच प्रसंग लोरेटाच्या 'फिस्ट सिटी'त आहे, आणि तिथे ती सरळ म्हणते की लांब राहा नाहीतर मार खाशील. डॉली हात जोडते. कोण बरोबर?

सुरंगी

लोरेटा! यात विचारायचं काय?

तिसरी घंटा

डॉली. मारामारीची धमकी कोणीही लिहील. समोरचीच्या सौंदर्याचं भरभरून वर्णन करून तिलाच विनवणं, आणि नवऱ्याला पूर्ण गाण्यात एकही वाक्य बोलू न देणं, यासाठी लेखिका लागते. तो झोपेत तिचं नाव घेतो, एवढंच त्याचं काम.

खवचट

दोन्हीकडे नवरा निवांत. हे कोणी लक्षात घेतलं का?

सुरंगी

@खवचट, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. 'डोन्ट कम होम'मध्ये तरी लोरेटा त्याला दाराबाहेर उभं करते. आणि १९७५ चं 'द पिल' ऐका. इतकी वर्षं मी पाळण्यात अडकले आणि तू हिंडलास, आता माझ्याकडे गर्भनिरोधक गोळी आहे. ध्वनिमुद्रण १९७२ चं, कंपनीने तीन वर्षं दाबून ठेवलं. बऱ्याच रेडिओ केंद्रांनी वाजवलं नाही, तरी कंट्री यादीत पाचवं आलं. खेड्यापाड्यातले डॉक्टर तिला सांगायचे म्हणे की आमच्या पत्रकांपेक्षा तुझ्या गाण्याने जास्त काम केलं.

अनवट

हा धागा फार गोरा होत चाललाय. बॅन्जो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी अमेरिकेत रुजवला, मेबेलच्या मागे रिडल होता हे बंड्यांनी सांगितलंच. मग कृष्णवर्णीय बायका कुठे गेल्या?

लिंडा मार्टेल. १९६९ मध्ये ग्रँड ओल ऑप्रीवर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय बाई. 'कलर हिम फादर' यादीत २२ वर गेलं. तिच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव काय असावं? प्लँटेशन रेकॉर्ड्स. मळ्याच्या, म्हणजे गुलामीच्या नावाची कंपनी आणि त्यात ही. तिने मालकाला त्या नावाबद्दल बोलूनही दाखवलं. प्रेक्षकांतून शिव्या खाल्ल्या, १९७० मध्ये एकच अल्बम निघाला आणि नॅशव्हिलने तिच्याकडे पाठ फिरवली. २०२४ मध्ये बियॉन्सेने 'काउबॉय कार्टर'मध्ये तिचा आवाज घेतला तेव्हा ती ऐंशी ओलांडलेली. त्याच अल्बमच्या 'टेक्सस होल्ड एम'मुळे बियॉन्से कंट्रीच्या मुख्य यादीत पहिली आलेली पहिली कृष्णवर्णीय बाई ठरली. सुरुवातीचा बॅन्जो रिअॅनन गिडन्सचा. आणि @चिंचपोकळी, त्यात 'जोलीन'ही आहे, पण ही विनवत नाही, बजावते. म्हणजे डॉलीच्या गाण्यात लोरेटा घुसली.

चिंचपोकळी फास्ट

हा हा, मान्य. शेवटचं वाक्य चोरतोय.

गिटारवाला बंड्या

अवांतर: कंट्रीत ती जी रडवी, घसरत जाणारी वाद्याची ओळ ऐकू येते ती स्टील गिटार. मूळ हवाईचं वाद्य. मांडीवर आडवं ठेवून तारांवर धातूची पट्टी सरकवायची. हेच वाद्य आपल्याकडेही आलं. टाउ मो नावाचा हवाई बेटांवर वाढलेला वादक चाळीसच्या दशकात कलकत्त्यात राहून शिकवत होता. मग व्हॅन शिप्लीने हिंदी सिनेमाची गाणी त्यावर वाजवली, ब्रिजभूषण काबरांनी राग वाजवले. आपल्याला त्यातली मींड भावली, नॅशव्हिलला त्यातलं रडणं. 'स्टँड बाय युअर मॅन'मध्ये पीट ड्रेकची पेडल स्टील, म्हणजे पायपट्ट्या असलेली स्टील गिटार, आहे. @खवचट, टॅमीचे शब्द पटत नसतील तर नुसती ती ऐका.

घाटवाटा

नंतरच्या बायकांबद्दलही लिहा. शनाया ट्वेन, रीबा, डिक्सी चिक्स?

अनवट

आता नुसत्या 'द चिक्स', २०२० मध्ये नावातलं डिक्सी काढलं, गुलामगिरीच्या काळातल्या दक्षिणेची आठवण देणारा शब्द म्हणून. मार्च २००३ मध्ये लंडनच्या मंचावर त्यांच्या मुख्य गायिकेने, नॅटली मेन्सने सांगितलं की आमचा राष्ट्राध्यक्ष बुश आमच्याच टेक्सासचा आहे याची आम्हाला लाज वाटते. इराकवर हल्ला व्हायला काही दिवस होते. त्यांचं 'ट्रॅव्हलिन् सोल्जर' तेव्हा पहिल्या क्रमांकावर. रेडिओने रातोरात बंद केलं, लोकांनी सीड्या ट्रॅक्टरखाली चिरडल्या. 'नॉट रेडी टू मेक नाइस' हे २००६ चं उत्तर, पुढच्या वर्षी पाच ग्रॅमी.

शनायाबद्दल दुसरं कोणी लिहा, मला ती कंट्री वाटतच नाही.

सुरंगी

रेडिओचा हा हिसका पुढेही चालूच आहे. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने उघड सांगितलं की कंट्री केंद्रांनी बायकांची गाणी लागोपाठ लावू नयेत: पुरुष म्हणजे सॅलडमधला पाला, बायका अधूनमधून टाकायचे टोमॅटो. त्यावर काय गदारोळ झाला! गायिका मार्टिना मॅकब्राइडने टोमॅटो छापलेले टीशर्ट काढले.

खवचट

ठीक आहे, मी 'ओड टू बिली जो' ऐकलं. ट्रक नाही, कुत्रा नाही. मागे घेत नाही काही, पण गाणं भारी आहे. आता मुकाट्याने सांगा, पुलावरून काय टाकलं?

पाणकावळा

नाही सांगणार. तिनेही नाही सांगितलं.

तुम्ही आता 'फॅन्सी' लावा. तेही जेन्ट्रीने लिहिलेलं, १९६९. पैसे संपलेली, आजारी आई शेवटच्या पैशांतून मुलीला लाल झगा घेते आणि घराबाहेर पाठवते. आधी जेन्ट्रीचं ऐका, मग रीबा मॅकएन्टायरचं. रीबा ते गाताना आईला कधीच माफ करून मोकळी झालेली वाटते. जेन्ट्रीचं मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही ऐकून सांगा.